आधी खांब पाह्य

काका, खांब कडक होते. तुमचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं.

एवढंसं वाक्य, पण चार महिने ते माझ्या तोंडातून निघालं नाही. दर रविवारी काकू नंबर लावून फोन तुमच्या कानाशी धरायच्या. जेवण, पाऊस, काकूंचा गुडघा, सगळं बोलून व्हायचं आणि हे तेवढं राहायचं. तुम्हीही कधी विचारलं नाहीत. आता तुम्हाला जाऊन अकरा दिवस झालेत आणि घाटंजीला तुमच्याच ओसरीवर बसून मी ते कागदावर लिहिते आहे. जमनाकाकू आत भाकरी थापताहेत. मघाशी त्यांनी विचारलं, "काय लिहून राह्यली वं?" मी म्हटलं, "पत्र." "कोणाले?" मी पुढची ओळ लिहायला घेतली.

चौकात तुमचा फलक लागलाय. 'सेवानिवृत्त ग्रेडर' असं लिहून खाली हात जोडलेल्या पंधरा-वीस जणांची नावं आहेत. त्यांतल्या निम्म्या लोकांनी एके काळी तुमच्याबद्दल काय काय म्हटलं होतं ते मला पाठ आहे, पण असो. फोटोत तुमच्या शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावलेलं आहे. म्हणजे फोटो आजाराच्या आधीचा.

ग्रेडर म्हणजे काय हे पुण्यात कुणाला सांगायची वेळ आली की मी असं सांगते: कापसाच्या खरेदी केंद्रावर माणूस बंडीभर कापूस घेऊन येतो. टेबलामागे बसलेला दुसरा माणूस त्यातला चिमूटभर कापूस हातात घेतो, ओढून पाहतो आणि त्याची प्रत ठरवतो. तो ग्रेडर. यंत्र नाही, भिंग नाही, फक्त दोन अंगठे आणि दोन बोटं. समोरच्या माणसाचं सगळं वर्ष त्या बोटांवर अवलंबून असतं. म्हणून ग्रेडरला सगळे नमस्कार करतात आणि त्याच्याबद्दल चांगलं कुणीच बोलत नाही.

आमचं घर तुमच्या घराला लागून. आमच्याकडे तीन पिढ्या कचेरीच्या, सगळे एकतर अर्ज लिहिणारे नाहीतर अर्ज घेणारे. तुम्ही फुलसावंगीकडच्या तांड्यातून आलेले, तांड्यातले पहिले टेबलखुर्चीवाले. बाबांना तुम्ही म्हणायचात, "माह्या आज्यानं बैलावर मीठ वाह्यलं, मी बैलानं आणलेला कापूस पाह्यतो. धंदा तोच हाये साहेब, मी फक्त बसून करतो." बाबा तहसीलमधले साधे कारकून, पण तुम्ही त्यांना साहेब म्हणायचात आणि ते तुम्हाला ग्रेडरसाहेब. दोघांनाही ते आवडायचं.

मी सातवीत असताना याच ओसरीवर तुम्ही मला कापूस ओढायला शिकवलंत. सरकी काढायची. रुईची चिमूट दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांत धरायची आणि ओढून दोन भाग करायचे. ते एकावर एक ठेवून पुन्हा ओढायचं. चार-पाच वेळा असं केलं की गुंता सुटतो आणि तंतू विंचरल्यासारखे सरळ येतात. मग ती झुबकी काळ्या कागदावर ठेवून लांबी बघायची आणि शेवटी कानाशी नेऊन तोडायची. किती जोरानं तुटते आणि कसा आवाज होतो त्यावरून धाग्याची ताकद कळते. मला पहिले आठ दिवस काहीच ऐकू आलं नाही. तुम्ही म्हणालात, "छोरी, कान नको लावू, बोटं लाव. कान मागून येते."

ओढून सरळ केलेली झुबकी फेकून देणं तुमच्या जिवावर यायचं. काळ्या कागदांची एक जाड वही तुम्ही शिवून घेतली होती. दिवसाकाठी एक झुबकी न तोडता तिच्यात खळीनं चिकटवायची, खाली तारीख, गाव आणि दिलेली प्रत. असा काही नियम नव्हता, तुम्हाला कुणी सांगितलंही नव्हतं. बाबा चिडवायचे, "कापसाचा अल्बम करता का हो ग्रेडरसाहेब?" तुम्ही म्हणायचात, "साहेब, तुमच्या फायली जशा, तशी ही माही."

मग बोंडअळीची वर्षं आली. आपल्या जिल्ह्याचं नाव त्या वर्षांत देशभर झालं, आणि ते कशासाठी झालं हे तुम्हाला काय सांगायचं. बाहेरून गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे. आम्ही शाळा-कॉलेजात जात होतो, आठवड्याचा बाजार भरत होता, आणि केंद्राच्या आवारात बंड्यांची रांग लागत होती. रांग नेहमीइतकीच लांब असायची, फक्त प्रत्येक बंडी अर्धी भरलेली. वरचा कापूस बरा असायचा आणि खाली हात घातला की कवडी लागायची, अळीनं खाल्लेली, काळी पडलेली.

त्यांतल्याच एका हंगामात तुमच्या टेबलावर कापसाची प्रत चढायला लागली. मी बारावीत होते. तुम्ही संध्याकाळी बाबांना मोठ्या नवलानं सांगितलेलं मला आठवतं: "साहेब, यंदा धागा तुटून नाही राह्यला. अळीनं खाल्लं ते खाल्लं, पण जे उरलं ते लोखंड हाये." बाबा म्हणाले, चला, एवढं तरी बरं. आम्हा सगळ्यांनाच ते बरं वाटलं. वाईट वर्षात एखादी चांगली गोष्ट कुणी सांगितली की माणूस ती तपासायला जात नाही.

तपासायला वरचा माणूस आला. त्यानं तुमच्या टेबलावरचे नमुने पुन्हा ओढले आणि त्याच्या बोटांत ते पटापट तुटले. झालं. राठोड विकला गेला, असं बाजारात बोललं जाऊ लागलं. किती घेतले, कोणाकडून घेतले, हे ज्याला त्याला माहीत होतं, फक्त आकडा प्रत्येकाचा वेगळा. रीतसर चौकशी झालीच नाही. तुम्हाला टेबलावरून उठवून फाटकावर टोकनं द्यायला बसवलं, एवढंच.

बाबा संतापले. त्यांच्या लेखी याला एकच इलाज होता आणि तो म्हणजे अर्ज. "कर नाही त्याला डर कशाला? मी मसुदा करून देतो, तुम्ही फक्त सही करा," असं म्हणत त्यांनी दुपारभर बसून पान-दीड पानाचा सुंदर अर्ज लिहिला. तुम्ही तो वाचलात, घडी घातलीत, खिशात ठेवलात आणि दिला नाहीत. बाबांनी पंधरा दिवसांनी विचारलं तेव्हा म्हणालात, "पाहू साहेब." महिन्यानं विचारलं तेव्हाही "पाहू साहेब." मग बाबांनी तुमच्याशी बोलणं टाकलं ते थेट संक्रांतीपर्यंत. पुढे सगळं सुरळीत झालं, पण ते मनातून गेलं नाही. शेवटच्या आजारातही बाबा मला म्हणाले होते, "राठोडनं अर्ज का दिला नाही गं?" मी म्हटलं, मला काय माहीत. मलाही त्या काळात कधीतरी वाटून गेलं होतं की खाई त्याला खवखवे. आज हे कबूल करते, काका. मला तसं वाटलं होतं.

त्यानंतर पंधरा-सतरा वर्षं तुमच्या अंगातून काहीतरी हळूहळू जात राहिलं आणि आम्ही कुणी नीट पाहिलं नाही. पायजम्याची नाडी काकू बांधायला लागल्या. एसटीची पायरी चढताना कंडक्टर हात द्यायला लागला. दोनदा अंगणात गुडघे मोडल्यासारखे खाली बसलात. कुणी वात म्हणालं, कुणी मणका, कुणी साखर. मी पुण्यात स्नायूंवर काम करत होते आणि माझ्या शेजारच्या ओसरीवर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. एका दिवाळीत तुम्ही मला चिवड्याची बशी द्यायला हात पुढे केलात, बाही वर सरकली आणि कोपराखालची आतली बाजू मला दिसली. डाव्या हाताची पार खोलगट झाली होती. बशी तुमच्या बोटांत नव्हती, तळव्यावर तोललेली होती.

नागपूरला मांडीतून मांसाचा तुकडा काढला आणि तपासला. उतारवयात येणारी स्नायूंची झीज. बोटं आणि मांड्या आधी जातात, बहुतेक वेळा एका बाजूला जास्त, आणि खात्रीचा उपाय नाही. हे सगळं मी तुम्हाला दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून सांगितलं. मला वाटलं, तुम्ही विचाराल किती दिवस आहेत. परतताना एसटीत, कळंबच्या आसपास, खिडकीबाहेर पाहत म्हणालात, "हे कधी सुरू झालं असंल छोरी?"

"सांगता येत नाही काका. पुष्कळ आधी असेल."

"त्या हंगामात होतं?"

मला लगेच कळलं कोणता हंगाम. मी म्हटलं, असू शकतं. मग तुम्ही माझ्याकडे वळलात आणि म्हणालात, "मले नक्की पाह्यजे. त्या वक्ती माही बोटं गेलती का मन? तुले समजंल का ते?"

आणि मी हो म्हणाले. तुमच्या पेशींवरून शोधून काढीन म्हणाले. हे मी कशाच्या जोरावर बोलले, देव जाणे. मांसाला तारीख नसते. झीज दिसते, कधीपासूनची ते दिसत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण तुमचा चेहरा असा होता की नाही म्हणवलं नाही.

तपासणीतून उरलेला तुकडा संशोधनाला द्यायला तुम्ही तयार झालात. फॉर्मवर सही करताना पेन मुठीत धरलात, लहान मूल धरतं तसा, आणि वर मलाच चिडवलंत, "आता माह्यं मांस पुण्याले राह्यणार. मले कधी जमलं नाही, त्याले जमलं." आमच्याकडे आलेल्या डबीवर तुमचं नाव नव्हतं, एक क्रमांक होता. तो कोणाचा हे मला ठाऊक असायला नको, असा नियम आहे. पण त्या महिन्यात नागपुराहून आलेली डबी एकच होती.

मी काय करते ते तुम्ही मला निदान पाच वेळा समजावून सांगायला लावलंत. पूर्वी पेशी कडक प्लास्टिकच्या बशीत वाढवायचे. तिथे त्या तळाला चिकटून पसरतात आणि स्नायूचं जे मुख्य काम, ओढणं, ते त्यांना धड करता येत नाही. म्हणून आम्ही मांसाइतकाच मऊ असा जेल बनवतो, त्यात पेशी कालवतो आणि रबराच्या दोन इवल्याशा खांबांभोवती ओततो. आठ-दहा दिवसांत पेशी एकमेकींना धरतात, खांबांना धरतात, ओढू लागतात आणि त्या ओढीनंच एका रेषेत येतात. दोन खांबांमध्ये स्नायूचा एक बारीक धागा तयार होतो. विजेचा हलका झटका दिला की तो आकसतो आणि खांब आत वाकतात. खांब किती वाकला, त्यावरून ताकद किती ते कळतं. मग झिजवणाऱ्या आजारात शरीरात जी द्रव्यं सुटतात ती आम्ही त्यावर घालतो. धागा बारीक होत जातो, ओढ कमी होते. माणसात जे दहा वर्षांत घडतं त्यातलं थोडंफार बशीत दहा दिवसांत दिसतं, कुणाला न दुखावता, आणि औषधं घालून बघता येतात.

मोबाईलवर मी तुम्हाला त्याचं चित्र दाखवलं. तुम्ही चष्मा लावून बराच वेळ पाहिलंत आणि काकूंना हाक मारलीत. "इकडं ये वं, पाह्य, छोरीनं मांसाची वात वळली." काकूंनी पाहिलं आणि म्हणाल्या, माझी वात यापेक्षा सरळ असते. तुम्ही मात्र विचारात पडलात. म्हणालात, "हे बराबर हाये. ओढल्याबिगर धागा सरळ होतच नाही. कापूस काय अन् मांस काय." आमच्या प्रयोगशाळेत हे समजायला नव्या मुलांना सहा महिने लागतात.

आता त्या फोनकडे येते.

तुमच्या पेशींचे धागे तयार झाले तेव्हा मी पुष्कळ आशेनं मोजायला बसले. निरोगी माणसाच्या पेशींची आकडेवारी आमच्याकडे आधीपासून होती. तुमचे खांब जेमतेम वाकले. पुन्हा केलं, तेच. म्हणजे झिजवणारं काही न घालताच तुमच्या पेशी मुळात दुबळ्या, असा निष्कर्ष निघत होता. निबंधाचा मसुदाही मी लिहायला घेतला होता. आणि रविवारी तुम्ही "काय म्हणते माह्यं मांस?" असं विचारलंत तेव्हा मी जड आवाजात सांगितलं, "काका, तुमच्या पेशी कमी ओढतात."

तुम्ही विचारलंत, "खांबं पाह्यले का?"

"म्हणजे?"

"ती वात वाकवते ते खांबं. ते पहिलेइतलेच नरम हायेत का?"

मी म्हटलं, खांब नेहमीचेच आहेत.

"आधी खांब पाह्य छोरी. कापसाले नाव ठेवाच्या आधी बोटं पाह्याव."

आणि मला राग आला. पंधरा वर्षं मी हे काम करते, प्रयोगशाळेतली दोन मोठी माणसं माझ्या मोजमापावर विसंबून आहेत, आणि घाटंजीच्या ओसरीवरून मला खांब तपासायला सांगताहेत. मी म्हणाले, "काका, नाचता येईना अंगण वाकडं, असं मी लिहू का निबंधात?"

तुम्ही हसलात. "लिहू नको. पण एखाद्या वक्ती अंगण वाकडं असतेच नं."

मी "बरं, ठेवते" म्हणून फोन ठेवला. तुमचा निरोप घेतला नाही, काकूंशी बोलले नाही.

पुढच्याच आठवड्यात, तुमचं ऐकलं असं स्वतःलाही कळू न देता, मी खांब वजनाच्या काट्यावर दाबून पाहिले. कडक होते, चांगलेच कडक. ती नवी खेप कुणीतरी भट्टीत ठेवून विसरलं होतं आणि जास्त तापून रबर आवळलं होतं. कडक खांब कमी वाकतो. तो कमी वाकला म्हणून मी ओढ कमी धरली. तुमची बोटं ढिली पडली म्हणून तुम्ही कापूस मजबूत समजलात, आणि माझे खांब कडक झाले म्हणून मी तुमच्या पेशी दुबळ्या ठरवल्या. मसुदा मी फाडून टाकला.

त्याच दिवशी तुम्हाला फोन करायला हवा होता. केला नाही. आधी लाज वाटली. मग असं ठरवलं की नुसती चूक कबूल करायला काय जायचं, सोबत काही घेऊन जावं. नवे खांब ओतायचे, तीन वेळा मोजायचं, आणि दिवाळीला तुमच्यासमोर बसून सगळं एकदम सांगायचं. दोन खेपा झाल्या. तिसरी चालू असताना काकूंचा फोन आला. बोटांच्याच वाटेनं घसा गेला होता. पाणी भलत्या नळीत गेलं, छातीत उतरलं, यवतमाळच्या दवाखान्यात सहा दिवस. मी पोचले तेव्हा अंगणात फक्त मांडव होता.

तिसरी खेप मी नसताना मुलांनी मोजली आणि आकडे कळवले. ऐका. नरम खांबांवर तुमच्या पेशी निरोगी माणसाच्या पेशींइतक्याच ओढतात, काका. तिन्ही वेळा. तुमचं मांस मुळात दुबळं नव्हतं. बाहेरून त्याच्यावर जे येत राहिलं त्यानं ते झिजलं. यातून उद्या औषध निघेल असं मी म्हणत नाही, तुम्हाला खोटा धीर मी कधी दिला नाही, तो एक एसटीतला सोडून. पण शोधायचं कुठे, हे आता थोडं नीट कळलंय आणि ते तुमच्यामुळे कळलंय. हे ऐकून तुम्ही काय म्हणाला असतात याचा विचार करते तेव्हा मला रडू येतं. तुम्ही बहुतेक म्हणाला असतात, "मंग? म्या काय सांगतलं व्हतं?"

राहिला तो दुसरा प्रश्न.

परवा काकूंनी ट्रंकेतून नमुन्याची वही काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "हे तूच घेऊन जा बाई. मी हाये तोवर ठीक, मंग कोणी उंदरायले घालन." दुपारभर मी ती चाळली. गावांची नावं, तारखा, तुमचं बारीक अक्षर आणि पानापानावर पांढरी झुबकी. सुरुवातीच्या वर्षांतल्या झुबक्या दोन्ही टोकांना कापल्यासारख्या सरळ आहेत. मग अळीच्या वर्षांत, त्या हंगामाच्या जवळजवळ एक वर्ष आधीपासून, काहीतरी बदलायला लागतं. उजवं टोक तसंच सरळ. डावं टोक आधी जरासं विस्कटतं, मग जास्त, मग आणखी. डाव्या बोटांतून तंतू निसटताहेत. तुम्ही धरलंय असं तुम्हाला वाटतंय आणि धरलेलं नाही. अशा बोटांनी झुबकी तोडायला गेलात तर ती तुटणार कशी? सरकणार. आणि तुम्ही म्हणणार, लोखंड हाये.

पेशीत तारीख नसते म्हणून मी हात टेकले होते. तुमच्या वहीत रोजची तारीख होती. डावा हात जास्त गेलेला आहे हे चिवड्याच्या बशीच्या वेळी मीच पाहिलं होतं. मनानं प्रत चढवली असती तर दोन्ही टोकं सरळ राहिली असती. दया काही फक्त डाव्या हाताला येत नाही.

मी आनंदानं काकूंना हाक मारणार तेवढ्यात त्या हंगामाचं शेवटचं पान उघडलं. त्यावर एक झुबकी, दोन्ही टोकं सरळ, धागा स्पष्ट आखूड. खाली गावाच्या जागी 'पोड' एवढंच, कोलामांच्या वस्तीला म्हणतात ते, आणि प्रत दोन पायऱ्या वरची.

"हे कसं?" मी काकूंना विचारलं.

काकूंनी पीठ लागलेला हात लुगड्याला पुसला आणि पान जवळ घेतलं. "हे मी ओढलेली व्हय. त्या दिवशी जेवाले आले त नमुना खिशात घेऊन आले. म्हणे, मले काही सुधरून नाही राह्यलं, तू ओढ. मी ओढली. म्हटलं, आखूड हाये नं? म्हणे, हो, आखूड हाये. जेवले अन् गेले."

"कोणाचा कापूस होता?"

"पोडावरची कोलाम बाई. डोक्श्यावर गाठोडं घेऊन एकटीच आलती म्हणे, पायी. बंडी नाई, माणूस नाई. दोन दिवसांनी तो तपासणारा आला."

म्हणजे त्या दुपारी तुम्हाला दोन गोष्टी एकदम कळल्या. काकूंच्या हातून कापूस आखूड निघाला, म्हणजे तुमची बोटं बिघडली आहेत. आणि ते कळूनही तुम्ही परत गेलात आणि तिला वरची प्रत दिलीत. एवढी एक तुम्ही जाणून दिलीत. आणि पुढे वीस वर्षं तुम्हाला शंका खात राहिली की बाकीच्याही अशाच दिल्या की काय, नकळत, मनानं, आणि नाव मात्र बोटांचं.

काकू भाकरीकडे वळल्या. मी वही मिटायला गेले आणि मागच्या पुठ्ठ्याच्या खणातून एक घडी खाली पडली. बाबांचं अक्षर मी कुठेही ओळखीन. तो अर्ज. पान-दीड पान, समास सोडलेला, खाली तुमच्या सहीची जागा मोकळी. मधोमध बाबांचं वाक्य आहे: 'मी कोणाच्याही कापसाला जाणूनबुजून वरची प्रत दिलेली नाही.' 'कोणाच्याही' या शब्दाच्या वर तुम्ही पेन्सिलीनं दोन शब्द लिहिलेत. अक्षर थोडं डगमगलेलं आहे, पण वाचता येतं. एक सोडून.

असा अर्ज देता येत नाही, हे कचेरीतल्या माणसाच्या मुलीला कळतं. ती एक कोण, असं विचारलं असतं, आणि तुम्ही त्या बाईला फाटकाशी उभं केलं नसतंत. ते शब्द खोडून सही करायचं म्हटलं तर ती तुमच्या हातून झाली नाही. बाबांना हे कळलं असतं तर ते चिडले असते, आणि मग उठून तुमच्याकडे चहाला आले असते.

वही मी पुण्याला नेते आहे. ते पान काढून ठेवू का, असं काकूंनी विचारलं. मी नको म्हटलं. आमच्या कामात न पटणारा आकडा वगळला की बाकीचे सगळे खोटे पडतात, आणि हे आधी तुम्हाला माहीत होतं, मला मागून कळलं.

एसटीत तुम्ही विचारलं होतंत. मी हो म्हणाले होते आणि मला वाटलं होतं की मी खोटं बोलले. उशीर झाला, पण उत्तर आणलंय. खांब पाहून, तीनदा मोजून, तुमच्याच वहीतून.

बोटं गेलती, काका. एक सोडून.